वर्गात गोष्ट वाचताना : बालसाहित्य आणि जातीचा प्रश्न

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातील आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदवले गेले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. शाळांमध्ये प्रतिमेस अभिवादन होते, निबंध व वक्तृत्व स्पर्धा होतात. त्या मुलाने मोठेपणी आपल्या बालपणाविषयी जे लिहून ठेवले, ते मात्र फार थोड्या वर्गांत मोठ्याने वाचले जाते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधला मसूर स्टेशनचा प्रसंग सहावी-सातवीच्या मुलाला सहज समजतो. त्यात अवघड अशी एकही संकल्पना नाही. नवे कपडे आहेत, बैलगाडी आहे, भूक आहे आणि तहान आहे.

सामाजिक प्रश्न मुलांना समजणार नाहीत, असे आपल्याकडे अनेक शिक्षक मानतात. पण ज्या मुलांना हे प्रश्न रोज भोगावे लागतात, त्यांच्या वयाचा विचार कोणी करत नाही. पाण्याच्या भांड्यापासून दूर उभे राहायला सांगितलेल्या मुलाचे वय किती होते? सहावी-सातवीच्या आतलेच. मग जे त्या वयात सोसावे लागते, ते त्या वयात वाचायला हरकत कशाला?

विहारात रविवारचे वर्ग घेणारे कार्यकर्ते, वस्तीतील अभ्यासिका चालवणारे तरुण आणि शाळेत शिकवणारे आपले शिक्षक यांच्यासाठी काही पुस्तके, ती वाचण्याची पद्धत आणि त्यातले धोके येथे एकत्र देत आहोत.

आरसा आणि खिडकी

अमेरिकेतील कृष्णवर्णीय अभ्यासक रुडिन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मुलांच्या पुस्तकांविषयी एक साधी कल्पना मांडली. पुस्तक हे काही मुलांसाठी आरसा असते, त्यात त्यांना आपले घर, आपली माणसे दिसतात. काही मुलांसाठी ते खिडकी असते, त्यातून दुसऱ्याचे जग दिसते. ज्या मुलांना पुस्तकांत कधीच आरसा सापडत नाही, त्यांना समाजात आपली किंमत काय आहे याचा धडा न शिकवताच मिळतो. आणि ज्यांना फक्त आरसेच मिळतात, त्या मुलांचेही नुकसान होते, कारण जग आपल्यासारखेच आहे असे त्यांना वाटत राहते.

ही फूटपट्टी मराठी बालसाहित्याला लावून पाहावी. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आपल्यातल्या अनेकांनी आवडीने वाचले आहेत, आजही वाचावेत. पण त्यांच्या गल्लीत आपली वस्ती नाही. आपल्या वस्तीतले मूल ही पुस्तके वाचताना खिडकीशी उभे असते. त्याला आरसा मिळाला तो पुढे, १९७८ च्या 'बलुतं' नंतर आलेल्या आत्मकथनांत. तोवर ते मूल मोठे झालेले असते. दलित साहित्याने मोठ्यांच्या साहित्यात जे घडवले, ते मराठी बालसाहित्यात त्या प्रमाणात घडले नाही. ही उणीव मान्य करून आत्मकथनांतील बालपणाची पाने वर्गात आणणे हा आजचा व्यवहार्य मार्ग आहे.

याच उणिवेवर हैदराबादच्या 'अन्वेषी' या स्त्री-अभ्यास संस्थेने काम केले. २००८ च्या सुमारास त्यांनी 'डिफरंट टेल्स' नावाची बालपुस्तकांची मालिका इंग्रजी, तेलुगू व मल्याळममध्ये आणली. दलित, मुस्लिम आणि श्रमिक घरांतील मुले या गोष्टींच्या केंद्रस्थानी आहेत. ती कोणाच्या दयेची वाट पाहत नाहीत. गोगू श्यामला यांच्यासारख्या दलित लेखिकेने त्यात लिहिले आहे. मराठीत अशी मालिका व्हावी, हे काम आपल्या लेखक-प्रकाशकांपुढे आहे.

भीमाचा प्रवास

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मपर लेखन बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात इंग्रजीत केले. त्यांच्या हयातीत ते प्रसिद्ध झाले नाही. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिका म्हणून काढले आणि नंतर शासनाच्या लेखन आणि भाषणे मालिकेच्या १२ व्या खंडात ते आले.

पहिला प्रसंग १९०१ च्या सुमाराचा आहे. वडील सातारा जिल्ह्यातील गोरेगावला रोखपाल होते. त्यांना भेटायला भीम आणि बरोबरची मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरतात. न्यायला कोणी आलेले नसते. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करतो, पण मुले महार आहेत हे कळताच मागे सरतो. एकही गाडीवान तयार होत नाही. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार होतो, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. डब्यात जेवण असते, पाणी नसते. वाटेवरच्या जकातदाराकडेही ते मिळत नाही. मुले रात्र उपाशी काढतात.

वर्गात हा प्रसंग थांबत थांबत वाचावा. स्टेशनमास्तरने मुलांशी बोलायला सुरुवात केली तिथे थांबून विचारावे : आता पुढे काय होईल? बहुतेक मुले चांगलाच शेवट सुचवतील. मग पुढचे वाचावे. काय बदलले, असा प्रश्न इथे आपोआप निघतो. मुले तीच, कपडे तेच, बोलणे तेच. बदलला फक्त एक शब्द. जात म्हणजे काय, याची व्याख्या फळ्यावर लिहून देण्यापेक्षा मुलांनी ही एक गोष्ट स्वतः हेरली तर ती जास्त टिकते.

गाडीवानाचा भागही तेवढाच महत्त्वाचा आहे आणि शिक्षक तो सहसा घाईत ओलांडतात. गाडीवानाला पैसे चालतात, दुप्पट चालतात. त्याची गाडी, त्याचे बैल विटाळाला भीत नाहीत. मग तो नेमका कशाला भितो? आठवीतली मुले इथे जात, पैसा आणि लोकलज्जा यांची सांगड घालू शकतात. त्यांना वेळ दिला पाहिजे. त्याच लेखनात शाळेतला नळ आहे. शिपायाने उघडून दिल्याशिवाय पाणी नाही आणि शिपाई नसला की तहान तशीच. हा भाग चौथीच्या मुलांनाही वाचून दाखवता येतो.

याच प्रसंगांवर 'भीमायन' हे चित्रमय पुस्तक २०११ मध्ये नवयान प्रकाशनाने काढले. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची आहेत. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी कथा रचली आहे. पाणी, निवारा आणि प्रवास असे त्याचे भाग आहेत. या पुस्तकातली एक युक्ती वर्गासाठी अमोल आहे. मायेने बोलणाऱ्या माणसांचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात आणि विषारी बोलणाऱ्यांच्या शब्दांना विंचवाची नांगी असते. मुलांना कागद द्यावा आणि दिवसभरात ऐकलेले एक वाक्य पक्ष्यात किंवा विंचवात लिहायला सांगावे. वाक्य कोणाचे, हे लिहायचे नाही. जातीचे नाव न घेता, कोणाकडे बोट न दाखवता वर्गात काय बोलले जाते याचा नकाशा त्यातून समोर येतो. काळा, जाड्या, कोट्यातला, भंगारवाला असे शब्द पुढे आले की बोलायला जागा तयार होते.

म्हातारीची मोळी

साने गुरुजींचे 'श्यामची आई' १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या मुलांच्या हाती दिले गेलेले हे पुस्तक. त्यात 'देवाला सारी प्रिय' नावाचे प्रकरण आहे. एका म्हाताऱ्या महार स्त्रीची मोळी खाली पडलेली असते, ती तिच्याने उचलवत नाही. आई श्यामला मदत करायला सांगते आणि नंतर आंघोळ करायलाही सांगते.

आपल्या चळवळीत या प्रकरणावर दोन मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, हे पुस्तक मुलांच्या हाती देऊच नये. काही जण म्हणतात, त्या काळात एवढे लिहिणेही मोठे होते. दुसऱ्या मतात तथ्य आहे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात याच साने गुरुजींनी उपोषण केले होते. पण तेवढ्यावर आंघोळीचा प्रश्न मिटत नाही. आमचे मत असे की हे प्रकरण वगळू नये, ते प्रश्नांसह वाचावे. वगळले तर मूल ते घरी एकटे वाचेल आणि श्यामची आई किती थोर, एवढेच घेऊन उठेल.

प्रश्न साधे ठेवावेत. म्हातारीचे नाव काय? गोष्टीत नाही. तिला घरी कोण आहे? माहीत नाही. मोळी कोणाच्या चुलीसाठी चालली होती? श्यामच्या मनात काय आले ते कळते, आईचे म्हणणे कळते, म्हातारी मात्र फक्त मदत घ्यायला गोष्टीत येते. मग मुलांना सांगावे : हीच गोष्ट म्हातारीने संध्याकाळी आपल्या नातवाला सांगितली असे समजून लिहा. ती आंघोळीचे सांगेल का? नातू काय विचारेल?

या एका स्वाध्यायातून दयेची गोष्ट आणि सन्मानाची गोष्ट यांतला फरक मुलांच्या हाती येतो. सामाजिक प्रश्नांवरील बालसाहित्य निवडताना आमच्या मते हीच पहिली कसोटी आहे. गोष्टीतला पीडित माणूस काही करतो का, बोलतो का, विचारतो का? की तो केवळ नायकाचे मन किती मोठे आहे हे दाखवण्यापुरता आहे? दयेच्या गोष्टीत सवर्ण मुलाला चांगले वाटते आणि आपल्या मुलाला मान खाली घालावीशी वाटते. एकाच वर्गात, एकाच वेळी.

महाश्वेता देवींचे 'द व्हाय-व्हाय गर्ल' या कसोटीवर पूर्ण उतरते. तूलिका प्रकाशनाचे हे पुस्तक शबर या आदिवासी समाजातील मोयना नावाच्या मुलीचे आहे. ती सारखे 'का?' विचारते. बाबूच्या शेळ्या मी का राखायच्या? त्यांनी दिलेल्या उरल्यासुरल्या भाताबद्दल आभार का मानायचे? शाळेची वेळ शेळ्या राखण्याच्या वेळेशी जुळत नाही, तेव्हा ती शाळेचीच वेळ बदलायला सांगते. तिसरी-चौथीच्या मुलांना हे पुस्तक फार आवडेल. शाळेत उशिरा येणाऱ्या मुलाकडे पाहण्याची शिक्षकांची नजरही त्याने बदलू शकते.

मुक्ताने विचारलेला प्रश्न

'श्यामची आई' शेजारी ठेवायचे लेखन त्याहून ८० वर्षे जुने आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हा निबंध मुलांसाठी लिहिलेला नाही, तो मुलीने लिहिलेला आहे. म्हणूनच तो वर्गात हवा.

मुक्ताचा युक्तिवाद वकिली धारेचा आहे. वेद आम्ही वाचायचे नाहीत, ते फक्त ब्राह्मणांचे, असे असेल तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही. मग आमचा धर्म कोणता, असे ती विचारते. इमारतींच्या पायात मांग-महारांना पुरण्याविषयी ती लिहिते. निवाऱ्याला छप्पर नसलेल्या तिच्या समाजातील बायकांच्या बाळंतपणातल्या हालांविषयी लिहिते, आणि आपल्या लोकांना शिकायला सांगते. आठवी-नववीच्या वर्गात हा निबंध दोन तासिकांत वाचून होतो. भाषा जुनी आहे, त्यामुळे शिक्षकाने आधी स्वतः दोनदा मोठ्याने वाचावा. पुरण्याचा व हत्येचा भाग लहान वर्गांत घेऊ नये. त्यानंतर मुलांना विचारावे : मुक्ताने हा निबंध कोणासाठी लिहिला असेल? आज ती कोणाला लिहील?

याला जोडून उर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) मधला शाळेचा प्रसंग घ्यावा. शिक्षक लहान मुलीला शाळेच्या आवारातले शेण उचलायला सांगतो, ती नकार देते, मार खाते. तिची आई बांबूची आयदाने विणून घर चालवणारी विधवा बाई. ती रस्त्याने जाणाऱ्या त्या शिक्षकाला थांबवून जाब विचारते. त्यानंतर मुलीला शेण उचलायला कोणी लावत नाही. इथे आई आहे, पण ती 'श्यामची आई' नाही. दोन आया शेजारी ठेवून वाचल्या की वर्गात जी चर्चा होते ती कोणत्याही व्याख्यानाने होत नाही.

जातककथांनाही प्रश्न विचारावेत

विहारांतील बालवर्गात जातककथा सांगितल्या जातात, पण बहुतेक ठिकाणी माकड, हत्ती, ससा यांच्याच. ५४७ जातकांत जातीच्या गर्वावर थेट बोट ठेवणाऱ्या कथा आहेत, त्या सहसा निवडल्या जात नाहीत. सेतकेतु जातकात जातीचा ताठा असलेला ब्राह्मण विद्यार्थी चांडाळाच्या अंगावरून आलेला वारा लागू नये म्हणून त्याला दूर व्हायला सांगतो. चांडाळ त्याला दिशा कोणत्या असा प्रश्न विचारतो, आणि विद्वान विद्यार्थी निरुत्तर होतो. अंब जातकात एक ब्राह्मण तरुण चांडाळ गुरूकडून अवेळी आंबे पिकवण्याचा मंत्र शिकतो. पुढे राजाने विचारले तेव्हा लाजेने गुरूचे नाव लपवतो आणि मंत्र गमावतो. विद्या कोणाकडून मिळाली हे सांगण्याची लाज, हा विषय आजच्या मुलांनाही कळतो.

पण सतधम्म जातकही वाचावे. त्यात चांडाळाचे उरलेले अन्न खाल्ल्याच्या लाजेने एक ब्राह्मण तरुण रानात जाऊन मरतो, आणि कथा या लाजेचा उपयोग भिक्खूंना उपदेश करण्यासाठी करते. म्हणजे त्या काळचा पूर्वग्रह याही कथासंग्रहात शिरलेला आहे. हे मुलांपासून लपवायचे कारण नाही. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे कालाम सुत्तात सांगणाऱ्या तथागतांच्या वर्गात जातकाला प्रश्न विचारणे शोभतेच. 'श्यामची आई'ला जे प्रश्न विचारले, ते इथे विचारले नाहीत तर मुले आपला दुटप्पीपणा लगेच ओळखतील.

काय करू नये

'तुझ्या घरी असे काही झाले का, सांग बघू' असे एखाद्या मुलाला वर्गात उभे करून कधीही विचारू नये. शिक्षकाचा हेतू चांगला असतो, पण त्या क्षणी चाळीस डोळे त्या मुलाकडे वळतात आणि गोष्टीतला भीम बाजूला राहून बाकावरचा मुलगाच धडा होतो. सांगायचे की नाही, हे मुलाने ठरवावे. त्यासाठी वहीत लिहून फक्त शिक्षकाला दाखवण्याची सोय ठेवावी.

मसूर स्टेशनच्या प्रसंगाचे नाटक बसवण्याचा मोह अनेकांना होतो. आमचा त्याला विरोध आहे. स्टेशनमास्तरची भूमिका करणाऱ्या मुलाला अपमानाचे शब्द बोलायला मिळतात आणि मधल्या सुट्टीत ते मैदानावर परत येतात. नाटकाऐवजी पत्र लिहून घ्यावे. भीमाने वडिलांना, गाडीवानाने आपल्या बायकोला, स्टेशनमास्तरने २० वर्षांनी वर्तमानपत्रात भीमाचे नाव वाचून.

आणि १४ एप्रिलची भाषणे. मोठ्यांनी लिहून दिलेले भाषण दोन-तीन धीट मुले पाठ करून म्हणतात, टाळ्या पडतात, बाकीची तीस मुले सतरंजीवर गप्प बसलेली असतात. त्यातला निम्मा वेळ जरी वाचनाला दिला तरी खूप होईल.

आक्षेप आला तर

शाळेत जातीचा विषय कशाला, असे काही पालक विचारतील. शिक्षकाने इथे एकटे पडू नये, म्हणून कार्यकर्त्यांना कायदा माहीत असावा. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण गुन्हा ठरवले आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ च्या कलम २९ (२) नुसार अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांशी सुसंगत असला पाहिजे आणि मुलाला भय व दडपणापासून मुक्त करणारा असला पाहिजे. कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करते. मुख्याध्यापकांना भेटताना घोषणा देण्यापेक्षा हे कलम आणि वाचायच्या गोष्टीची प्रत सोबत न्यावी. वाचून पाहा म्हटल्यावर बरेच आक्षेप तिथेच विरतात.

पुस्तकांची पिशवी

ग्रंथालय उभारण्याची वाट पाहू नये. कापडी पिशवीत दहा-बारा पुस्तके, आठवड्यातून एक तास, वाचून दाखवणारा एक जण, एवढ्यावर वर्ग सुरू होतो. मोठ्याने वाचून दाखवणे नववीपर्यंत चालू ठेवावे. ज्या घरात वाचणारे कोणी नाही तिथल्या मुलासाठी कानावर पडणारी भाषा हीच पहिली शिदोरी असते. एका तासाला एकच गोष्ट घ्यावी. परीक्षा, गुण, बक्षीस नको. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. हे पुस्तक १८९८ मध्ये निघालेले होते. केळुसकरांनी त्यावर प्रश्नपत्रिका काढली नव्हती.

पिशवीत वर आलेल्या पुस्तकांबरोबर कांचा इलैया यांचे 'टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड' (२००७) असावे. कुंभार, चर्मकार, विणकर, धोबी, शेतकरी यांच्या श्रमामागचे ज्ञान त्यात मुलांना समजेल असे मांडले आहे आणि चित्रे दुर्गाबाई व्याम यांचीच आहेत. इंग्रजी वाचणाऱ्या महाविद्यालयीन तरुणाने एकेक प्रकरण मराठीत सांगत जावे. भोपाळच्या एकलव्य संस्थेचे 'चकमक' हे हिंदी मासिक १९८५ पासून निघते आणि विदर्भातल्या मुलांना त्याची हिंदी जड जात नाही. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते आणि स्वस्त आहे. त्यात मुलांचे स्वतःचे लेखन पाठवून पाहावे.

बाबासाहेबांचे खंड शासकीय ग्रंथागारांत सवलतीत मिळतात, पण हवा तो खंड प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. या खंडांच्या छपाईतील दिरंगाईची दखल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली होती. १२ वा खंड हाती लागला नाही तर 'वेटिंग फॉर अ व्हिसा'ची सुटी पुस्तिका आणि तिचे मराठी अनुवाद दीक्षाभूमी व चैत्यभूमीवरील पुस्तकांच्या दुकानांत शोधावेत. यंदा १४ ऑक्टोबरला किंवा ६ डिसेंबरला जाल तेव्हा एक प्रत स्वतःसाठी आणि एक वर्गासाठी घ्यावी.